नणंद-भावजयीच्या होडीतली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. हाताळून हाताळून माझा अक्रोडी दस्ता काळपट झाला आहे. नळीवरचा निळसर मुलामा कडांना पुसला आहे, आणि उजव्या अंगाला होडीच्या काठावर आपटल्याचा एक लांब ओरखडा आहे. अलास्कात, युकॉन नदीच्या काठच्या एका लहान गावात माझे आयुष्य गेले. तिथली माणसे बढाई मारत नाहीत. शिकारीला निघताना कोणी ‘आज मूस मारणारच’ असे म्हटले, तर बाकीचे मान खाली घालून चहा पिऊ लागतात. जनावरे असले बोलणे ऐकतात आणि मग समोर येतच नाहीत, असे त्यांचे मत. पण मी पडले लोखंडाची. मला अभिमान वाटला तर मी तो लपवत नाही, आणि आज तर मुळीच लपवणार नाही.

माझा जन्म तिथून फार दूर, पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीला आरपार भोक पाडून माझी नळी केली. आतून तिला पीळदार खाचा पाडल्या. चापाभोवती एक लोखंडी कडी बसवली. ही कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे आत सरकते. त्यासाठी रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागत नाही. माझी गोळी करंगळीएवढी जाड. ती फार लांब जात नाही, पण जिथे जाते तिथे काम अर्धवट सोडत नाही.

फेअरबँक्सच्या एका दुकानात मी बराच काळ भिंतीवर टांगलेली होते. माझ्या शेजारी दुर्बिणी लावलेल्या सडपातळ रायफली होत्या. गिऱ्हाइके त्यांच्याकडे जात. मग एक दिवस चिखलाने भरलेले बूट घालून कॉस्मस आत आला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, डोळ्यांत सदा हसू असलेला माणूस. त्याने सरळ मलाच खाली काढले आणि खांद्याला लावले.

दुकानदार म्हणाला, “हिला लांबचं नाही जमत हं.”

“मला जवळ जाता येतं,” कॉस्मस म्हणाला.

त्या एका वाक्याने मी त्याची झाले.

त्याच्या घरी त्याची बायको ऑगस्टा होती. उंच, सडसडीत, बोलायला तिखट. मला पाहून ती म्हणाली, “अहो, ही रायफल आणलीत की होडीचा नांगर?” पण दुसऱ्याच दिवशी नदीकाठी तिने माझ्यातून एक गोळी झाडली, ओंडक्यावर ठेवलेला डबा उडवला आणि खांदा चोळत हसली. तिचा नेम नवऱ्यापेक्षा चांगला होता. दरवर्षी शरदात दोघे होडीतून जात. कॉस्मस होडी चालवी, ऑगस्टा मला घेऊन पुढे बसे. मूस म्हणजे घोड्याहूनही उंच असे हरिण. एक मिळाला की त्या घराचा हिवाळा सुखात जाई, आणि शेजारच्या घरांचाही. मांस गावात वाटले जाई तेव्हा मी दाराजवळच्या खुंटीवर असे. येणारा प्रत्येक जण आधी मांसाकडे पाही, मग माझ्याकडे. मित्रांनो, त्या नजरांवर मी कितीतरी हिवाळे काढले आहेत.

एकदा उन्हाळ्यात, मासे सुकवायच्या छपरापाशी, एक भले मोठे अस्वल आले. कॉस्मस मला घेऊन समोर उभा राहिला. त्याने माझ्या पाठीवरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, मागे ओढला, पण चाप दाबला नाही. तो हळू आवाजात बोलू लागला, “आजोबा, आमची पोटं आहेत, तुमचंही आहे. पण हे मासे आमचे. तुम्ही वर ओढ्याला जा, तिथं भरपूर आहेत.” अस्वल बराच वेळ हुंगत उभे राहिले आणि निघून गेले. त्या दिवशी माझी एकही गोळी खर्च झाली नाही. तरी तो दिवस मी माझ्या चांगल्या दिवसांत धरते.

मग एका वर्षी, नदीवरचा बर्फ अजून फुटायचा होता तेव्हा, कॉस्मस लाकडे तोडायला गेला आणि परत आला नाही. त्याचे हृदय थांबले होते. जमीन दगडासारखी गोठलेली होती. अँब्रोज नावाच्या शेजाऱ्याने तिच्यावर दोन दिवस जाळ पेटता ठेवला, एकेक थर वितळवला, आणि कबर खणली.

कबरीपाशीच ते घडले. कॉस्मसची थोरली बहीण डेल्फिना सगळ्यांदेखत म्हणाली, “छातीत दुखतं म्हणून सांगत होता माझा भाऊ. त्याला एकट्याला लाकडाला जाऊ कसं दिलं?” त्या दिवसापासून ऑगस्टाने नणंदेशी बोलणेच सोडले. घरी येऊन तिने मला खुंटीवरून काढले, कॉस्मसच्या घोंगडीत गुंडाळले आणि पलंगाखाली सरकवले. घोंगडी ओलसर होती.

त्या अंधारात मी पुढचा सबंध शरद ऋतू काढला. वर चालण्याचे आवाज येत, चुलीत लाकूड पडल्याचा आवाज येई, पण मला कोणी बाहेर काढले नाही. आधी माझ्या कडीवर तांबूस ठिपके आले. मग ते घोड्याच्या खाचेत शिरले. गंज येताना दुखत नाही, मित्रांनो. फक्त एकेक सांधा आपल्याला विसरत जातो.

तिथे अशी रीत आहे की माणूस गेल्यावर, तयारी झाली की, त्याच्या नावाने साऱ्या गावाला मोठी पंगत द्यायची. त्या पंगतीत त्याच्या वस्तू, ज्यांनी शेवटच्या कामात हात लावला त्यांना वाटून टाकायच्या. त्याचे घरचे लोक काही ठेवून घेत नाहीत. कॉस्मसची पंगत दुसऱ्या वर्षीच्या शरदात ठरली. डेल्फिना एकदा दारात येऊन सांगून गेली, “बर्फावरचे बूट, घोंगड्या, कुऱ्हाड, सगळं काढून ठेव. आणि त्याची बंदूकही. ती अँब्रोजला द्यायला हवी.”

“बाकी सगळं न्या,” ऑगस्टा दाराआडून म्हणाली. “बंदूक नाही.”

पलंगाखाली मी ते ऐकले, आणि खरे सांगते, सुखावले.

पण पंगतीला मूस हवा, आणि तो शरद विचित्र निघाला. हवा उबदार, पाने झडेनात, मूस वर टेकड्यांतच राहिले. गावातले पुरुष जाऊन जाऊन रिकाम्या होड्या घेऊन आले. दिवस जवळ येत चालला. एका सकाळी ऑगस्टा पाण्याला नदीवर गेली, तर डेल्फिना एकटीच आपली होडी पाण्यात ढकलत होती. साठी कधीच ओलांडलेली, गोल, बुटकी बाई. डोक्याला लाल रुमाल. पुढचे बोलणे मी ऐकले नाही, पण नंतर दोघींनी ते इतक्यांदा सांगितले की मला पाठ आहे.

“वन्सं, एकट्याच कुठं निघालात?” दाराआडचे ते एक उत्तर सोडले, तर दीड वर्षातले हे पहिले बोलणे.

“मूस आणायला. भावाच्या पंगतीला लोकांना डब्यातले राजमे वाढू काय?”

“आणि ते हातात काय?”

“बंदूक आहे. दिसत नाही?”

“सशाची आहे ती. मूसला गुदगुल्या होतील.”

“मग तुझ्या पलंगाखाली जी झोपा काढतेय ती दे.”

ऑगस्टा घरात आली. पलंगाखाली हात घालून तिने मला घोंगडीसकट ओढले, काडतुसांचा डबा घेतला आणि तशीच खाली जाऊन होडीत बसली.

“देत नाही. मीच आणलीय. सरका जरा.”

“होडी माझी आहे.”

“बंदूक माझी आहे.”

“ते पंगतीला ठरेल,” डेल्फिना म्हणाली आणि तिने इंजिनाची दोरी ओढली.

पुढे वाटभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ऑगस्टा पाण्याकडे पाहून म्हणे, “कुणीतरी इंजिनाला सांगा, पुढं वाळूचा उंचवटा आहे.” डेल्फिना आभाळाकडे पाहून म्हणे, “इंजिन पन्नास वर्षं हीच नदी बघतंय.” आणि होडी उंचवट्यावर चढे. मग दोघी उतरून, गुडघाभर पाण्यात, एक शब्द न बोलता ती ढकलत.

एका अरुंद फाट्याच्या तोंडाशी त्यांनी तंबू लावला. काठच्या चिखलात मोठे खूर उमटलेले होते. ऑगस्टाने घोंगडी उलगडली, माझी कडी खाली ओढली, आणि कडी अर्ध्यात अडकली. तिने जोर लावला. माझ्यातून असा आवाज निघाला की मला स्वतःचीच लाज वाटली.

डेल्फिनाने मला तिच्या हातातून काढून घेतले. आधी आत काडतूस नाही ना ते पाहिले, मग चुलीच्या उजेडात धरले.

“अगं, काय दशा केलीस हिची!”

ऑगस्टाने चुलीत एक लाकूड सरकवले.

“नदीकाठचं माणूस ना तू? ओल्या घोंगडीत गुंडाळतं का कुणी?”

“हात लावला की तो दारात येऊन उभा आहे असं वाटायचं, वन्सं. मग वळून बघायचं, आणि दार रिकामं. म्हणून हातच लावला नाही.”

होडीच्या इंजिनाचे तेल डेल्फिनाने एका वाटीत घेतले, आपल्या जुन्या सदऱ्याची बाही फाडली आणि ती मला पुसू लागली. दोरीला चिंधी बांधून तिने ती नळीतून पुन्हा पुन्हा ओढली. पहिली चिंधी तांबडी निघाली, मग तपकिरी, मग नुसती तेलकट. कडीच्या प्रत्येक खाचेत तिने काडीने तेल सोडले. कितीतरी दिवसांनी मला माझे सांधे आठवू लागले.

पुसता पुसता, वर न बघता, ती म्हणाली, “कबरीपाशी मी बोलले ते...”

“ऐकलंय मी ते.”

“ऐकलंस ते ठाऊक आहे. बोललेलं परत घेता येत नाही. पण ते खोटं होतं. त्याला लाकडाला जायला आमच्या आईनंसुद्धा अडवलं नसतं.”

“सासूबाईंनी? त्यांनी तर कुऱ्हाड हातात दिली असती, आणि वर म्हणाल्या असत्या, माझ्यासाठीही आण.”

डेल्फिना आधी हसली. मग दोघी हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसू लागल्या. मी डेल्फिनाच्या मांडीवर आडवी होते. माझ्यावर जे थेंब पडले तेही तिने लगेच पुसून काढले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा पाण्यावर धुके होते. डेल्फिनाने पिशवीतून मूसच्या खांद्याचे एक वाळलेले, रुंद हाड काढले. ते झुडपांवर घासले की मूस नर शिंगे घासत असल्यासारखा आवाज होतो. दुसरा नर तो ऐकतो आणि आपल्या मुलखात कोण आले ते बघायला येतो. ती विलोच्या दाट झुडपात जाऊन बसली. ऑगस्टा मला घेऊन बाजूच्या पडलेल्या झाडामागे टेकली. माझ्यात चार काडतुसे भरलेली होती.

डेल्फिना घासू लागली. खरड, खरड, थांबायचे. पुन्हा खरड. बराच वेळ काहीच झाले नाही. मग फाट्याच्या पलीकडून एक घोगरा हुंकार आला, आणि धुक्यातून तो बाहेर आला. शिंगे इतकी रुंद की माणूस त्यांत निजला असता. तो सरळ पाण्यात उतरला.

ऑगस्टाने मला खांद्याला लावले, पण चापावर बोट नेले नाही. पाण्यात पडलेला मूस दोन बायकांना कधीच ओढून काढता आला नसता. छातीभर पाण्यातून तो सावकाश येत राहिला. तिचे हृदय माझ्या दस्त्यावर धडधडत होते. नळीच्या टोकावरच्या माझ्या माशीवर, नेम धरायच्या त्या लहानशा खुंटावर, तो मोठा मोठा होत गेला.

अलीकडच्या काठावर चढल्यावर त्याने अंग झाडले, डोळे फिरवले, मान खाली घातली आणि थेट झुडपातल्या आवाजावर धावला. डेल्फिनाला हाड टाकून पळायलाही वाव नव्हता. आणि ती नेमकी त्याच्यापलीकडे, माझ्या नेमाच्या रेषेत होती. पाल्यात तिचा लाल रुमाल मला दिसत होता. ऑगस्टालाही दिसत होता. बोट चापावर होते, आणि तिने ते दाबले नाही.

“वन्सं, आडव्या पडा!” ती ओरडली.

रुमाल खाली गेला. आवाजाने मूसने क्षणभर मान वळवली, अंग आडवे झाले, आणि मी कडाडले. गोळी खांद्यामागे बसली. तो अडखळला, पण पडला नाही. तो पुन्हा झुडपाकडे वळला. ऑगस्टाने गाल माझ्यावरून न उचलता कडी ओढली. मित्रांनो, त्या क्षणी मी अडकले असते तर? पण आदल्या संध्याकाळी डेल्फिनाने एकही खाच सोडली नव्हती. कडी लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. दुसरी गोळी सुटली. मूसने पुढचे गुडघे टेकले आणि तो झुडपाच्या तोंडाशीच कोसळला.

ऑगस्टा धावत गेली. “वन्सं! लागलं का? बोला काहीतरी!”

पाल्याखालून आवाज आला, “ओरडतेस काय अशी? सगळं जंगल जागं केलंस.”

डेल्फिना बाहेर आली तेव्हा हाड तिने अजून घट्ट धरलेले होते. मूसचे शिंग तिच्या पायांपासून हातभर अंतरावर होते. तिने ते पाहिले, मग भावजयीच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी त्या झाडाला टेकून उभी होते. माझी नळी गरम होती. सांगा, मी अभिमान का बाळगू नये?

मग त्यांनी मूसपाशी बसून, हलक्या आवाजात, त्याचे आभार मानले. दिवसभर कापाकापी चालली. काहीही वाया जाऊ दिले नाही. नाक आणि जीभ म्हाताऱ्यांसाठी बाजूला काढली. होडी इतकी भरली की काठ पाण्यापासून जेमतेम वर राहिला. गावाच्या धक्क्यावर अँब्रोज उभा होता. त्याने विचारले, “दिसलं का काही?”

“होता एक लहानसा,” डेल्फिना म्हणाली.

लहानसा! मी होडीच्या तळाशी होते, नाहीतर तिथेच पुन्हा कडाडले असते. अँब्रोजने होडीत वाकून पाहिले, शिंगांवरून नजर फिरवली आणि गंभीरपणे मान हलवली. “हो, लहानच दिसतोय,” तो म्हणाला आणि मांस उतरवायला लागला.

घरी जाताना डेल्फिना ऑगस्टाच्या दाराशी थांबली. “बंदूक ठेव तू. मी आता काही म्हणणार नाही. लोकांना काय सांगायचं ते मी बघते.”

ऑगस्टाने मला खुंटीवर लावले. ती त्या रात्री आणि त्यानंतरही रोज मला पुशी. मला वाटले, आपले सगळे सुरळीत झाले.

पंगतीला गावातले लहानथोर सगळे आले. वरच्या आणि खालच्या गावांहून होड्या आल्या. मोठमोठ्या पातेल्यांत रस्सा उकळत होता. कॉस्मससाठी गाणी झाली. लोक रडले, मग नाचले, मग पुन्हा जेवले. मग वाटप सुरू झाले. शवपेटी करणाऱ्याला बर्फावरचे बूट गेले. त्याच्या अंगावरचे शेवटचे कपडे शिवणाऱ्या बायकांना घोंगड्या गेल्या. अँब्रोजपुढे डेल्फिनाने एक नवी कुऱ्हाड ठेवली. लोकांनी कुऱ्हाडीकडे पाहिले, मग एकमेकांकडे.

तेव्हा ऑगस्टा उठली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा मी तिच्या हातात होते. आतून रिकामी, बाहेरून तेलाने चकचकीत. डेल्फिनाने पुटपुटत तिचा पदर ओढावा तशी बाही ओढली, “अगं, नको म्हटलं ना मी.” ऑगस्टा थांबली नाही.

ती अँब्रोजसमोर उभी राहिली. “जमीन गोठलेली होती,” ती म्हणाली. “माझ्या माणसाची शेवटची जागा तू ऊब देऊन तयार केलीस. दोन दिवस बसलास तिथं. ही घे.”

अँब्रोज मोठ्या अंगाचा, अबोल माणूस. त्याच्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि त्याच्या स्वतःच्या बंदुकीचा दस्ता तारेने बांधलेला. त्याने दोन्ही हात पुढे केले. ऑगस्टाची बोटे माझ्यावरून सुटायला जरा वेळ लागला. मग सुटली.

खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले. इतका जीव लावला, आणि तिने मला देऊन टाकले! अँब्रोजच्या घरी पहिला हिवाळा मी रुसूनच काढला. पण त्याने मला एक दिवसही ओले ठेवले नाही. बाहेरच्या थंडीतून आणले की तो मला एकदम उबेत आणत नसे. आधी ओसरीत ठेवी, मग आत घेई, मग पुसून तेल लावी. त्याची मुले जवळ आली की म्हणे, “हिच्यात काडतूस नाही हे मला माहीत आहे, तरी तुम्ही समोर उभं राहायचं नाही.” हळूहळू माझा रुसवा गेला. घोंगडीत गुंडाळून ठेवलेल्या प्रेमापेक्षा ही रोजची निगा मला जास्त मानवली.

पुढच्या शरदात अँब्रोजला मूस मिळाला. एकच गोळी लागली. मांस कापून झाल्यावर सगळ्यात चांगली मांडी त्याने खांद्यावर घेतली, मला पाठीला लावले आणि तो ऑगस्टाच्या घरी गेला. डेल्फिना तिथेच होती. हल्ली ती बहुधा तिथेच असे. दोघी चहात सुके मासे बुडवून भांडत होत्या.

अँब्रोजने मांस टेबलावर ठेवले. “पहिला वाटा तुमच्या दोघींचा.”

“काय हे, एवढं?” डेल्फिना म्हणाली. “मूस मोठा दिसतोय.”

“लहानसाच होता.”

ऑगस्टाने मांसाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने माझ्यासाठी हात पुढे केला. अँब्रोजने कडी उघडून, आत काही नाही हे दाखवून, मला तिच्या हातात दिले. ती मला खिडकीशी घेऊन गेली. तिने नळीच्या टोकाला डोळा लावला आणि आत कुठे गंज आहे का ते उजेडात बराच वेळ पाहिले.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. कोणी आपले माणूस गेले, तर त्याच्या वस्तू अंधारात दडपून ठेवू नका. त्या पुसा, वापरा, आणि जमले तर कामाच्या हातात द्या. आणि माझ्यासारखी वस्तू कधी हातात आली, तर तिच्यापुढे काय आहे आणि त्याच्या पलीकडे कोण आहे, हे दिसेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा.

ऑगस्टाने मला खिडकीपासून खाली घेतले आणि अँब्रोजला परत दिले.

“बरी ठेवलीस,” ती म्हणाली. “बस. चहा घेऊन जा.”